व्हरांड्यातली हजेरी

मान वर न करता हजेरी घेण्यात माझा हातखंडा होता. डोळे हजेरीपटावर, उजव्या हातात पेन, डाव्या हाताचं बोट नावांवरून खाली सरकत जायचं आणि समोरून "हजर गुरुजी, हजर गुरुजी" असे आवाज एकामागून एक येऊन पडायचे. चाळीसेक नावं दोन मिनिटांत संपायची. शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना त्याच कामाला अर्धा तास लागे, कारण ते प्रत्येक पोराकडे पाहत, कोणाला नाक पुसायला सांगत, कोणाच्या बापाच्या तापाची चौकशी करत. मला तो गबाळेपणा वाटे. मी तिशीच्या आतला होतो, पुस्तकं वाचत होतो, आणि पांढुर्ण्याच्या त्या प्राथमिक शाळेत माझ्याइतकं बालमानसशास्त्र कोणी वाचलेलं नाही अशी माझी खात्री होती. खात्री खरी होती. दुसऱ्या कोणी ते वाचलंच नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी सौसरचा, पांढुर्ण्यात खोली घेऊन राहत होतो; दोन्ही गावं मराठी बोलणारी, पण सरकार भोपाळचं. शनिवारी शाळा सुटली की सौसरची बस धरायची आणि सोमवारी सकाळी परत यायचं. कधी सोमवारची बस चुकायची. मग मी मंगळवारी यायचो आणि सोमवारची माझी सही कोणीतरी करून ठेवलेली असायची. मीही इतरांसाठी करायचो. शाळेत तेवढं सहकार्य होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन आली. नदीपलीकडच्या सावरगावची होती, पण मजुरीला अलीकडे, पांढुर्ण्याच्या बाजूच्या संत्र्याच्या वाड्यांमध्ये यायची. मुलगी आठेक वर्षांची, फ्रॉक धुतलेला, केसांना तेल. आईचा पदर हातात धरून ती जमिनीकडे पाहत उभी होती.

आमच्या प्रधानपाठकांना सगळे बडे गुरुजी म्हणत. त्यांनी दाखिल-खारिजचं जाडजूड रजिस्टर उघडलं. शाळेत आलेला आणि गेलेला प्रत्येक जीव त्या एका रजिस्टरात मावायचा.

"नाव काय हिचं?"

बाईनं नाव सांगितलं.

"तिले सांगू दे."

"थे बोलत नाई जी. समजते सारं. बोलत नाई."

"मंग शाळेत येऊन करन काय? पहाडे कोन म्हनन?"

"बसन जी. निस्ती बसू द्या."

"बसाले हे धरमशाळा हाय का, बाई?"

बाईनं खाली वाकून मुलीच्या पायातलं पैंजण थोडं वर सरकवलं. घोट्याभोवती कातडी सोलवटून पुन्हा भरून आलेली होती, बैलाच्या मानेवर येते तशी.

"घरी बांधून ठेवा लागते," ती म्हणाली. "मले निंदाले जा लागते. मोकळी ठेवली तं नदीकडे निंगून जाते. दोनदा लोकायनं आनून देली. शेजारची बुडी किती ध्यान ठेवन?"

"तिचा बाप?"

"नागपूरले गेला कामाले. तीन पोळे झाले."

बडे गुरुजींनी रजिस्टर मिटायला घेतलं आणि तेव्हा मी मध्ये पडलो. बाईची दया आली म्हणून पडलो असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला बोलायची संधी दिसली. अशा मुलांना योग्य वातावरण मिळालं आणि बोलण्याची गरज निर्माण केली की ती बोलू लागतात, असं मी म्हणालो. पुस्तकात आहे, असंही म्हणालो.

"पुस्तकात बरंच काही असते," बडे गुरुजी म्हणाले. "ठीक हाय. तुमच्या वर्गात, तुमच्या जबाबदारीवर. पोळ्याच्या आधी निरीक्षक साहेब येऊन राहिले. तवापर्यंत पाहू. जमलं तं ठेवू, नाई तं नाव खारिज. मंग माह्यापाशी येजा नका करू, बाई."

बाईनं मला हात जोडले. पोळ्यापर्यंत शाळा, आणि शाळा नाही तर दोर, एवढं साधं ते होतं. ते तिला कळलं होतं, बडे गुरुजींना कळलं होतं. मलाही कळलं होतं, पण माझ्या डोक्यात तो एक प्रयोग होता.

मुलीला व्हरांड्यात बसवलं. माझ्या वर्गाच्या दाराशेजारी, भिंतीला पाठ लावून, तागाच्या टाटपट्टीच्या वेगळ्या तुकड्यावर. आत जागा नाही असं कारण सांगितलं. व्हरांड्यात बसवण्याचं आणखीही एक कारण होतं, ते तिच्या वस्तीच्या नावात होतं, आणि ते कोणी उच्चारलं नाही. दारातल्या पाण्याच्या मटक्याला हात लावू नको असंही तिला कोणी सांगितलं नाही. पण पहिल्याच दिवशी मटकं आत सरकवलेलं होतं. न बोलता सगळं समजायला आम्हाला काही अडचण येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाला. नावं घेत घेत मी तिच्या नावाशी आलो. उत्तर नाही. मी थांबलो.

"आली हाय गुरुजी," एक पोट्टा ओरडला. "भाईर बसली. बोलत नाई थे."

"जी बोलत नाही ती आलेली नाही," मी म्हणालो आणि गैरहजेरीचा 'गै' लिहिला. वाक्य मला आवडलं. पोरांनाही आवडलं असावं. पुढे दोन महिने मधल्या सुटीत पोरं तिच्याभोवती फेर धरून तेच म्हणत.

माझा विचार असा होता, की 'हजर' हा शब्द हवाच असेल तर तो तिला मिळवावा लागेल. शब्द नसला तरी चालेल, नुसता आवाज, हुंकार, काहीही. तोंडातून आवाज निघाला की त्या दिवशी 'ह'. गरज निर्माण करायची, दुसरं काय! रोज तिचं नाव घ्यायचो, तीन श्वास थांबायचो आणि 'गै' लिहायचो. जुलैभर ती एकही दिवस चुकली नाही. मुसळधार पावसात जाम नदीला पूर येऊन पुलावर पाणी चढलं, वर्गात अकरा पोरं होती, त्या दिवशीही आई तिला खांद्यावर घेऊन आली होती. त्या दिवशीही 'गै'.

आता या विषयाला मोठा शब्द आला आहे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मला जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रशिक्षणाला बोलावलं होतं, ज्येष्ठ शिक्षक म्हणून, म्हणजे शाल आणि नारळ घ्यायला. मागे फलक होता, त्यावर 'न्यूरोडायव्हर्सिटी' असं लिहिलं होतं आणि खाली फुलपाखरं होती. प्रत्येकाच्या मेंदूची घडण वेगळी असते, त्यात चूक-बरोबर काही नसतं, आणि न बोलणाऱ्या मुलांकडून शिक्षकांनीच शिकायला हवं, असं भोपाळहून आलेले वक्ते सांगणार होते. ध्वनिक्षेपक बिघडला. पाऊण तास ते हातवारे करून वायरमनला काय हवं ते समजावत होते आणि ते मला पूर्ण समजत होतं. नंतर यंत्र सुरू झालं आणि समजणं बंद झालं. तरी ते बोलले ते खरं होतं, हे मला मान्य करावं लागेल. मी ते पस्तीस-चाळीस वर्षं आधीच शिकलो होतो. फक्त ज्या मुलीनं शिकवलं तिला त्याचा पैशाचाही उपयोग झाला नाही.

असो. ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आलं, की मुलगी भिंतीच्या पायाशी गोटे मांडते. नदीतले गुळगुळीत गोटे, आवळ्याएवढे, काही लिंबाएवढे. सकाळी ती लवकर येऊन बसायची आणि एकेक गोटा रांगेत ठेवत जायची. संध्याकाळी सगळे ओच्यात भरून कडुलिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायची. मी ते पाहिलं आणि खेळते आहे, बरं आहे, असं म्हणून सोडून दिलं. जवळ जाऊन मोजले असते तर काही कळलं असतं. पण गोटे मोजणं अभ्यासक्रमात नव्हतं.

मग पोळा जवळ आला.

इथं बाहेरच्या माणसासाठी एक गोष्ट सांगायला हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात आणि दिवसभर एकमेकांना दगड मारतात. त्याला गोटमार म्हणतात. का मारतात याच्या दोन-तीन कथा आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांच्या कपाळावर बहुधा एखादी खूण असते. आदल्या दिवशी एकमेकांच्या घरी पुरणपोळी खाल्लेली माणसं दुसऱ्या दिवशी गोफणी घेऊन उतरतात आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात एकमेकांची चौकशी करतात. त्या गावात पोळ्याच्या सुमारास कोणी गोटे गोळा करताना दिसलं, तर त्याचा दुसरा अर्थ लावण्याची कोणाला सवयच नाही.

"गुरुजी, थे सावरगाववाली गोटे जमा करून राहिली!" पोरांनी सांगितलं.

"आतापासूनच!"

"आमच्याच शाळेत बसून आमालेच मारन!"

"मुकी हाय पन पक्की हाय बे."

सगळे हसले. मीही हसलो. पण बडे गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब येणार होते. शाळेला चुना मारून झाला होता, स्वागतगीताच्या मुली घसा बसेपर्यंत गात होत्या, आणि साहेब व्हरांड्यात पाय ठेवतील तिथे दगडांची रास.

"हे काय हाय?" त्यांनी मला विचारलं. "साहेब म्हनन, शाळेतच गोटमारीची तयारी चालू हाय. उचला हे सगळं."

मी पाचवीच्या चार पोरांना घमेलं घेऊन बोलावलं. मुलगी बसलेली होती, समोर रांग पूर्ण मांडलेली. पोरांनी पहिली मूठ भरून घमेल्यात टाकली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोरांनी दुसरी मूठ टाकली आणि ती ओरडली.

तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. ती घमेल्यावर पालथी पडली, एका पोराच्या हाताला चावली, पोरानं शिवी देऊन तिला ढकललं. मग पोरं घमेलं उचलून पळाली आणि ते नदीत रिकामं करून आली. सगळे गोटे नदीत गेले असं नाही. चारही पोरांचे खिसे फुगलेले मी पाहिले. गोटमारीच्या दिवशी त्यातला एखादा कोणाच्या डोक्यात बसला असेल तर नवल नाही.

आणि मला काय वाटलं? मला आनंद झाला. आवाज आहे! माझं म्हणणं बरोबर निघालं. गरज निर्माण झाली आणि आवाज निघाला. मुलगी रिकाम्या भिंतीशी हुंदके देत होती, आणि मी आत जाऊन हजेरीपट उघडला. त्या दिवशीचा 'गै' खोडून मी 'ह' लिहिला. दोन महिन्यांतला पहिला. तो लिहिताना माझं अक्षर चांगलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जीपमधून उतरताच हार, कुंकू, स्वागतगीत. गीतात साहेबांच्या पावलांनी शाळा पावन झाल्याचं सांगितलं होतं. पावलं चिखलात माखली होती. व्हरांड्यातून जाताना ते मुलीपाशी थांबले. ती सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि बोटांनी रिकामी फरशी चाचपत होती. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"क्या नाम है, बेटी?"

ती वळली नाही.

"शरमाती है," साहेब प्रेमानं म्हणाले आणि वर्गात आले.

पोरांनी राजधानी सांगितली, सातचा पाढा सांगितला. साहेबांनी चहा घेतला, पोहे घेतले आणि माझा हजेरीपट मागवला. माझे हजेरीपट नेहमी नमुनेदार असत. त्यांनी पान उलटलं, बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"यह क्या है? दो महीने में एक दिन?"

मी बडे गुरुजींकडे पाहिलं. बडे गुरुजींनी माझ्याकडे. आम्हा दोघांनाही माहीत होतं की ती रोज येते. या क्षणी ती भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर आहे, आणि साहेबांच्या हाताला अजून तिच्या डोक्याचं तेल असेल. मला एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, ती रोज येते. हे मी चुकीचं लिहिलं आहे." पण तसं म्हटलं की दोन महिन्यांचा हजेरीपट खोटा ठरत होता. खोट्या हजेरीपटाला नोटीस निघते, वेतनवाढ थांबते. आणि का लिहिलं असं विचारलं, तर मला एका पुस्तकातलं प्रकरण सांगावं लागलं असतं.

मी बोललो नाही. तीन श्वास, चार श्वास. रोज मी तिला देत होतो त्यापेक्षा जास्त वेळ साहेबांनी मला दिला.

"कभी-कभार आती है, साहेब," बडे गुरुजी म्हणाले. ते मला वाचवत होते.

"तो दर्ज संख्या क्यों बढ़ा रखी है? नाम काटिए."

बडे गुरुजींनी लाल पेन पुढे केलं. वर्ग माझा, म्हणून रेघ मी मारली. पट्टी लावून मारली.

पोळा झाला, गोटमार झाली, शाळा पुन्हा उघडली. त्या सकाळी आई मुलीला घेऊन आली आणि मी तिला व्हरांड्याच्या पायरीवरच गाठलं. आत येऊ दिलं असतं तर सांगणं अवघड गेलं असतं.

"नाव कापलं बाई."

"काहून जी? काई केलं का पोरीनं?"

"हजेरी भरली नाही."

तिला समजलं नाही. "रोज तं सोडून देत होती मी. पूर होता तवा बी आनली. तुमी पायलं ना गुरुजी?"

मी म्हणालो, साहेबांचा हुकूम आहे. तेही खोटं नव्हतं. तिनं भिंतीकडे पाहिलं.

"गोटे कुठी गेले हिचे?"

"टाकून दिले. पोळ्याच्या दिवसांत दगड..."

"मायबाई," ती म्हणाली. माझ्यावर ती रागावली नव्हती. एखाद्यानं घरातली वस्तू अजाणता फोडली की म्हणतात तसं म्हणाली. मग तिनं मला सांगितलं. अजून काही बदलू शकेल असं तिला वाटत होतं, म्हणून सावकाश, समजावून सांगितलं.

घरी चुलीपाशी दोन गोटे असतात. एक मायचा, एक पोरीचा. माय कामाला निघाली की पोरगी मायचा गोटा उचलून मुठीत धरते आणि माय घरी आली की परत जागेवर ठेवते. कोणी शिकवलं नाही. बाप गेला तेव्हा तिनं त्याचा गोटा असाच उचलला. तो अजून उशाशी आहे. शाळेतही तसंच.

"एकेका पोट्ट्याचा एकेक गोटा होता. जो आला त्याचा मांडे, जो नाई आला त्याचा ओच्यात ठेवे. घरी आली का दाखवे मले, आज कोन नव्हतं. तुमचा बी होता. पांढरा. साऱ्यात मोठा."

"माझा?"

"हो जी. तुमी नसले का थो घरी घेऊन ये. मागच्या महिन्यात एका सोमवारी आनला होता. मी म्हटलं, गुरुजी बिमार हायेत का? रातभर जवळ घेऊन झोपली, न् मंगळवारी सकाळी परत आनून ठेवला."

त्या सोमवारी मी सौसरला होतो. शिक्षकांच्या हजेरीत त्या दिवशी माझी सही आहे.

मी व्हरांड्यात उभा राहिलो आणि दोन महिने उलटे मोजू लागलो. सकाळी लवकर येऊन ती खेळत नव्हती, ती हजेरी घेत होती. एकेका पोराला येताना पाहत होती. 'जी बोलत नाही ती आलेली नाही' असं तिच्याभोवती ओरडणाऱ्या प्रत्येक पोराचा गोटा तिच्यापाशी होता आणि तो रोज त्याच्या जागेवर ठेवला जात होता. शाळेत तेव्हा तीन हजेऱ्या होत्या. मुलांची मी लिहीत होतो, शिक्षकांची आम्ही सगळे मिळून लिहीत होतो, आणि तिसरी ती मांडत होती. त्यातली खरी तेवढी मी घमेल्यात भरून नदीत टाकली होती.

मी बडे गुरुजींकडे गेलो. सगळं सांगितलं, गोट्यांचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"आता काय करता?" ते म्हणाले. "खारिज झालं. नवा दाखिला पुढच्या जुलैत. तवा आनू दे, पाहू."

"पण तोपर्यंत ती पोरीला बांधून..."

"मले माहीत हाय काय करन थे. तुमालेबी माहीत होतं."

बाई पायरीवर थांबली होती. मी पुढच्या जुलैचं सांगितलं. तिनं मान हलवली, पोरीचा हात धरला आणि गेली. त्या दिवशी ती वाडीत पोचली नसणार. आधी घरी जाऊन पोरीला बांधावं लागलं असेल.

महिनाभर मी सावरगावला गेलो नाही. गेलो तो दसरा तोंडावर आलेला असताना, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी. पूल ओलांडताना खाली उतरलो आणि एक गोटा शोधला. पांढरा, मोठा. अर्धा तास लागला. बैलगाडीवाले वरून पाहत होते. गोटमार तर होऊन गेली, आता हा मास्तर कोणाला मारणार, असं त्यांना वाटलं असेल.

घर म्हणजे एक खोली. दार उघडं. आत भिंतीवर एकच तसबीर, निळा कोट घातलेली, आणि तिला ताजा हार. मुलगी दाराच्या चौकटीशी बसली होती. पायात दोर नव्हता. साखळी होती.

"दोर चावून तोडे थे," मागून आवाज आला. शेजारची म्हातारी होती. "मंग साकळी आनली. मालकाच्या बैलाची जुनी हाय. तुमी कोन जी?"

"शाळेतला गुरुजी."

"हं. शाळेत घेता का पोट्टीले?"

"नाही... पुढच्या जुलैत..."

"मंग काहून आले?"

मी खाली बसलो. साखळीच्या आतून जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं, कातडीला लागू नये म्हणून. आईनं गुंडाळलं असणार. माझा हात कडीकडे गेला.

"सोडू नोका," म्हातारी म्हणाली. "नदीत जाते. तुमी बसता का दिवसभर हिच्यापाशी?"

मी हात मागे घेतला. मुलीची उजवी मूठ मिटलेली होती. त्यात मायचा गोटा असणार, माय अजून यायची होती. चुलीपाशी एकच होता, तिचा स्वतःचा. मी खिशातून पांढरा गोटा काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. मी आलो आहे, असं मला म्हणायचं होतं. कोणाशी बोलताना मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग सरकली. साखळी पुरत नव्हती, म्हणून आडवी झाली आणि हात लांब करून तिनं तो उचलला. उलटसुलट करून पाहिला. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझा हात ओढून घेतला, तळव्यावर गोटा ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली. त्यात राग नव्हता. बडे गुरुजी रजिस्टर मिटायचे तसं तिनं ते केलं.

"नाई घेत," म्हातारी म्हणाली.

परत येताना पुलावरून मी तो गोटा नदीत टाकला. तिथे लाखो आहेत.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी मान वर केली, आणि नोकरीभर करत राहिलो. एकेका पोराकडे पाहून नाव घ्यायचो. अर्धा तास लागायचा. सौसरच्या शाळेत मला गबाळा म्हणत. हो, सौसरच्या, कारण पुढच्या जुलैत ती बाई पोरीला घेऊन पांढुर्ण्याच्या शाळेत आली तेव्हा मी तिथे नव्हतो. ती आली होती, असं बडे गुरुजींनी नंतर एकदा सांगितलं. माझ्या जागी आलेल्या नव्या गुरुजींनी विचारलं, ही बोलते का?

बदलीचा अर्ज मी दिवाळीतच केला होता. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं होतं.